भरपाईला व्याज नसतं

आमच्या मराठवाड्यात एक साधा न्याय आहे. वरच्या शेतकऱ्यानं धुरा फोडला आणि खालच्याचं पीक वाहून गेलं, तर चार माणसं बसतात, नुकसान मोजतात आणि वरच्याला भरून द्यायला लावतात. 'देतो, पण कर्जाऊ. व्याजासकट परत कर,' असं कुणी म्हणालं तर त्याला पारावर बसू देणार नाहीत.

जगाच्या पारावर मात्र हाच कारभार राजरोस चाललाय.

दीडशे-दोनशे वर्षं कोळसा-तेल जाळून अमेरिका आणि युरोप श्रीमंत झाले. आजवर हवेत सोडलेल्या कार्बन वायूत सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा. आपला शंभरात तीन-चार. आणि वसुली कुणाकडून? २०१४ साली ऐन सुगीत गारपिटीनं आमचा गहू-हरभरा झोपवला. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. २०२५ च्या सप्टेंबरात तर सोयाबीनसंगं रानातली मातीच खरडून गेली. पीक पुढच्या साली येईल. माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. ओढे-नाले बुजवलेत, हेही खरं. पण तापलेली हवा जास्त पाणी धरते आणि एकदम ओतते, हे शास्त्रच सांगतं.

२००९ साली कोपनहेगनला श्रीमंत देशांनी शब्द दिला : २०२० पासून गरीब देशांना वर्षाला १०० अब्ज डॉलर. तो आकडा गाठला २०२२ साली, अन् त्यातही मोठा भाग कर्जाचा! २०२४ साली बाकूच्या परिषदेत मागणी होती वर्षाला १,३०० अब्जांची. कबूल केले ३००, तेही २०३५ पर्यंत. भारतानं हे मान्य नसल्याचं भर सभेत सांगितलं. बरं केलं.

कुणी म्हणेल, भारतही आता धूर सोडण्यात तिसऱ्या नंबरावर आहे. अहो, खाणारी तोंडं मोजा की! एक अमेरिकन माणूस आपल्या सहा-सात जणांइतका कार्बन सोडतो. पंगतीत एकानं सात पानं जेवायची आणि शेजारच्याला 'हात आखडता घे' म्हणायचं, ही कुठली रीत?

मात्र न्याय मागणाऱ्यानं घरातही न्याय ठेवावा. शहरातला चार एसींचा बंगला आणि तांड्यावरची चूल एका मापात मोजू नका. बाहेरून पैसा आला तर तो अहवालात आणि परिसंवादाच्या चहापाण्यात जिरू नये. खरडलेल्या रानात गाळ भरायला, विहीर उपसायला, मोडलेला गोठा उभा करायला यावा.

आम्ही भीक मागत नाही, उसनवारीही नको. ज्यानं धुरा फोडला त्यानं भरून द्यावं, आणि आधी फोडायचं थांबवावं. एवढं कळायला दहावीसुद्धा लागत नाही.