स्नेहभोजनाला हरकत नाही, पण...



परवा आपल्या अणदुरात व्यापाऱ्यांचं स्नेहभोजन झालं. फोटो सगळ्यांच्या स्टेटसला बघितले असतीलच. मीही होतो. किराणा दुकानाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मलाही फेटा बांधला, शाल-श्रीफळ दिलं. त्यामुळं पुढं जे लिहितोय ती बाहेर उभं राहून केलेली टीका समजू नका. फेटा अजून घरात खुंटीला आहे.

आधी चांगलं सांगतो. एकमेकांसमोर दुकानं असलेले दोन जण, वर्षभर बोलणं नाही, परवा एका पंगतीत बसले आणि एकमेकाला हुग्गी वाढायचा आग्रह करत होते. हे मिटिंगा घेऊन झालं नसतं. धंद्यात भाऊबंदकी लवकर येते, आणि आता तर गिऱ्हाईक मोबाईलवर माल मागवतंय, नाहीतर हायवेनं तासाभरात सोलापूर गाठतंय. अशा वेळी व्यापाऱ्यांनी एकत्र बसलंच पाहिजे. वाढदिवस करा, लग्नाचे वाढदिवस करा, कुणाचं पोरगं इंजिनिअर झालं तर हार घाला. त्यात वावगं काय?

पण सत्कार किती? सव्वादोन तास नुसते सत्कारच. पाहुण्यांचे सत्कार, सभासदांचे सत्कार, सत्कार करणाऱ्यांचे सत्कार. मागं बायका-लेकरं जांभया द्यायलेत आणि माईकवर 'दोनच शब्द बोलतो' चाललंय. आमटी गार होऊन गेली. असो, हे हसण्यावारी न्यायचं.

हसण्यावारी न्यायचं नाही ते वेगळंच आहे. माझ्या दुकानात बारा वर्षांपासून काम करणारा एक जण आहे. आला तेव्हा पोरगं होतं, आता दोन लेकरांचा बाप आहे. त्या दिवशी दुपारपासून तो खुर्च्या मांडत होता, पाण्याचे जार उचलत होता. दुसऱ्या दुकानांतलीही पोरं होती. पंगत बसली तेव्हा मी त्याला हाक मारली. तो म्हणाला, "अण्णा, तुम्ही बसा, मी घरी जाऊन जेवतो." लाजला म्हणून नाही. त्याला बसायचं सांगितलंच नव्हतं कुणी. निमंत्रण सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबांना होतं. माझ्या पंचवीस वर्षांतली बारा वर्षं त्याच्या पाठीवरून गेलीत, पोत्यासकट. फेटा मात्र माझ्या डोक्यावर.

आता कुणी म्हणेल, वाढायला होती ती पोरं, शेवटी जेवलीच असतील. काही जेवलीही. पण शेवटी उरलेलं जेवणं आणि बोलावून जेवणं यातला फरक आपल्याला कळत नाही असं नाही. आपल्याला लग्नात दुसऱ्या पंगतीला बसवलं तर वर्षभर लक्षात ठेवतो आपण.

आपल्या भागाला तर हे शिकवायलाही नको. उमरग्याच्या पुढं, सीमेपलीकडं बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांनी कायक आणि दासोह सांगितला. कष्टानं मिळवायचं आणि मिळवलेलं समाजाबरोबर वाटून खायचं. दरवर्षी बसव जयंतीला आपण मिरवणुकीत असतो. दासोहाला सभासदत्वाची पावती लागत नव्हती.

दुसरी गोष्ट आपल्या खंडोबाची. मूर्ती एक आणि देवळं दोन. सव्वादहा महिने देव अणदुरात, पावणेदोन महिने नळदुर्गला मैलारपुरात. आणि देव नेता-आणताना दोन्हीकडच्या मानकऱ्यांमध्ये लेखी करार होतो. देवाच्या बाबतीतसुद्धा आपलं गाव तोंडी भरवशावर राहत नाही! मग दुकानातल्या माणसाचा पगार, सुट्टी, आजारपण हे सगळं तोंडी कसं काय? 2017 चा दुकानं-आस्थापनांचा कायदा आला तोच मुळी दहा कामगारांची अट घेऊन. आपल्याकडं दोन-तीन माणसांवर चालणारी दुकानं. म्हणजे त्यातल्या बहुतेक तरतुदी आपल्या माणसांपर्यंत पोचतच नाहीत. जे द्यायचं ते मालकाच्या मनावर. माझंही तसंच चाललंय, दुसऱ्याला कशाला बोलू.

दिवस कसलेत तेही बघा. 2025 च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीनं धाराशिव जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचं कंबरडं मोडलं. 2025-26 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव कागदावर 5,328 रुपये होता, पण वावरात पाणी साचलं तर हमीभाव कशाला लावायचा? माझ्या वहीतली उधारी वाढलीय, तुमचीही वाढली असणार. उधारी थकली की आपण पहिली कात्री कुठं लावतो? दुकानातल्या माणसाच्या पगाराला. 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणतो. फ्लेक्सला, फेट्याला आणि सन्मानचिन्हाला मात्र वर्गणी निघते.

1993 च्या 30 सप्टेंबरला पहाटे किल्लारी-सास्तूरकडं भूकंप झाला, तेव्हा गावागावांतून भाकरी-चटणीची गाठोडी गेली. त्यात मालक कोण, नोकर कोण कुणी बघितलं नाही. संकट आलं की आपण चांगले वागतो, सणावारी मात्र हिशोबात चुकतो.

म्हणून एवढंच सुचवतोय. पुढच्या वेळी पहिली पंगत दुकानांतल्या कामगारांची आणि त्यांच्या घरच्यांची बसवा, वाढायला आपण उभं राहू. सन्मानचिन्हं निम्मी करा आणि त्या पैशातून एक छोटा फंड काढा, कुणाच्या हमालाचा हात मोडला तर दवाखान्यापुरता. आणि ज्यानं त्यानं आपल्या माणसाला महिन्याच्या महिन्याला पगाराची चिठ्ठी द्यावी. यातलं तिसरं करायला मिटिंगही लागत नाही.

काल मी आमच्या माणसाला हे चिठ्ठीचं बोललो. वाटलं, खूष होईल. त्यानं तराजू पुसत पुसतच विचारलं, "अण्णा, ती चिठ्ठी पतसंस्थेत चालंल का? घरावर पत्रे टाकायचेत, पगाराचा कागद नाही म्हणून दोनदा परत पाठवलंय."

बारा वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं. पहिली चिठ्ठी आज लिहून दिली, दुकानाच्या शिक्क्यासकट.