चमचा उभा राहिला पाहिजे!

डच लोकांचं 'स्नर्ट' म्हणजे हिरव्या वाटाण्याच्या डाळीचं घट्ट सूप. माझं ठाम मत आहे, याला फोडणी द्यायची नाही! युट्रेख्तमधल्या पहिल्या हिवाळ्यात मी जिरं-लसूण घातलंच, आणि झालं बिघडलेलं वरण.

अर्धा किलो डाळ, डुकराच्या फासळ्या, गाजर, लीक, सेलरीचा कंद... मंद आचेवर दोनेक तास. डाळ आपोआप विरघळते, कुकर नको. शेवटी रोकवोर्स्टचे, म्हणजे धुरावलेल्या सॉसेजचे काप. ते खारट असतं, म्हणून मीठ त्यानंतर चाखूनच. दुसऱ्या दिवशी त्यात चमचा उभा राहतो.

फोनवर आईला 'डाळ खाल्ली' एवढंच सांगतो. खोटं नाही, पण खरंही नाही. पुढच्या महिन्यात ती इथे येतेय आणि फ्रीजरमध्ये तीन डबे आहेत. फोडणी देऊन वाढलं तर? छे, नकोच. आधी सांगतो.