दूधभात आणि वतन

‘ताराबाईंनी हट्ट सोडला असता तर राज्य फुटले नसते,’ असे सांगणारे एखादे गृहस्थ दर दिवाळीला कोणाच्या ना कोणाच्या फराळाला असतातच. चकलीचा तुकडा मोडीत ते पुस्तीही जोडतात, ‘भाऊबंदकी आपल्या रक्तातच आहे हो!’ कावळा नाक्यावर ताराराणींचा अश्वारूढ पुतळा असलेल्या कोल्हापुरातही हे ऐकून घ्यावे लागते. मला हे दोन्ही सिद्धांत साफ नामंजूर आहेत. रक्ताला दोष दिला की माणसांना जाब विचारायचा राहतो, आणि बाईला दोष दिला की सरदार सुटतात.

१७०० साली सिंहगडावर राजाराम महाराज वारले. पुढची सात वर्षे त्यांच्या विधवेने अल्पवयीन मुलाला गादीवर बसवून खुद्द औरंगजेबाशी झुंज दिली. १७०७ मध्ये बादशहा अहमदनगरजवळ मेला, आणि दोन-तीन महिन्यांतच शहाजादा आज्जमने शाहूंना सोडले. (हे संभाजी महाराजांचे पुत्र, साताऱ्याचे शाहू. आमच्या राजर्षींशी घोटाळा नको.) रायगड पडल्यापासून, म्हणजे १६८९ पासून, ते मोगलांच्या कैदेत होते. सुटका काही दयेपोटी झाली नव्हती. आज्जमला तख्तासाठी भावाशी लढायचे होते. मागे दक्षिणेत मराठे आपसांत गुंतून राहिले तर त्याला हवेच होते. शाहूंच्या मातुश्री येसूबाई मात्र १७१९ पर्यंत ओलीसच राहिल्या.

शाहूंचे म्हणणे, गादी थोरल्या शाखेची. ताराबाईंचे म्हणणे, ते राज्य बुडाले. आज उभे आहे ते माझ्या नवऱ्याने नव्याने मिळवलेले. माझे मन कोणाकडे झुकते हे कोल्हापूरकराने लपवण्यात अर्थ नाही. राज्य राखतो त्याचे की जन्माने मिळते त्याचे, हा प्रश्न हट्टाचा नव्हे, राजनीतीचा होता. शाहूंना तोतया ठरवण्याचा ताराबाईंचा डाव मात्र मला कधीच पटला नाही. परसोजी भोसल्यांनी शाहूंच्या ताटात जेवून ती आवई खोटी पाडली, असे सांगतात.

असा वाद सोडवायचा कोणी? ज्यांच्या हाती फौजा होत्या त्यांनी. आणि त्यांचे लक्ष कुठे होते? वतनावर! शिवाजी महाराजांनी वतनदारांना वेसण घातली होती. पुढे जिंजीच्या धामधुमीत माणसे टिकवायची म्हणून राजाराम महाराजांना वतने-सरंजाम द्यावे लागले. मोगलही तेच आमिष दाखवीत होते. शाहू आल्यावर जो तो हिशेब करू लागला, की आपला कागद कोणाच्या शिक्क्याने पक्का होईल? शाहूंच्या वाटेवरचे, खानदेश-वऱ्हाडाकडचे लोक त्यांना आधी मिळाले; पन्हाळा आणि कोकणपट्टी ताराबाईंकडे राहिली. तलवार म्यानाबाहेर येण्याआधीच मुलूख असा दुभंगला होता.

ताराबाईंनी सरदारांकडून दूधभाताची शपथ घेवविली, असे बखरी सांगतात. ऑक्टोबर १७०७ मध्ये भीमाकाठी खेडला त्यांचे सेनापती धनाजी जाधव शाहूंना जाऊन मिळाले. दूधभात पचला म्हणायचा! जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यास शाहूंचा राज्याभिषेक झाला. पुढच्याच वर्षी चौथाई-सरदेशमुखीच्या सनदांसाठी दोन्हीकडचे वकील बहादूरशहापुढे उभे राहिले. आधी आपसांत निकाल लावा, असा बादशहाचा पवित्रा. त्याच्या बापाला पाव शतकात जमले नाही, ते याने एका वाक्यात साधले.

हे वर्म आमच्याच बाजूच्या एका माणसाने ओळखले होते. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र याच काळातले. वतनदार म्हणजे राज्याचे दायादच, परचक्र आले की वतनापायी शत्रूला आधी मिळणारे, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. रक्ताचा त्यात दोष नाही, बायकांचा तर नाहीच नाही.

पुढे १७१४ मध्ये पन्हाळ्यावरच उलथापालथ झाली. राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले आणि ताराबाई कैदेत पडल्या. साताऱ्याशी भांडण मात्र चालूच राहिले. ते १३ एप्रिल १७३१ रोजी वारणेच्या तहाने मिटले. नदी हद्द ठरली, दक्षिणेकडचा मुलूख कोल्हापूरचा झाला. त्या तहात मुलखाच्या कलमांइतकेच महत्त्वाचे आणखी एक कलम आहे, आणि फराळाच्या गृहस्थांनी ते कधी वाचलेले नसते: तुमचे चाकर आम्ही ठेवू नयेत, आमचे तुम्ही ठेवू नयेत.