टायर घेताना त्याचं वय विचारा!

मैत्रिणींनो, साडी घेताना आपण पदर पुरता उलगडून पाहतो, डाळ घेताना दाणा दाताखाली धरतो. पण मोटारसायकलचा टायर घ्यायचा म्हटलं, की "ते यांचं काम" म्हणून नुसते पैसे काढून देतो. खरं ना?

मीही तेच केलं. मागचा टायर गुळगुळीत झाला होता. मुलांच्या फीचे दिवस. "स्वस्तातला बघा हो," मीच यांना म्हटलं. दुकानदाराने दोनशे रुपये सोडले, आम्ही खूष! वर्षभरात टायरला बाजूने बारीक चिरा पडल्या. पहिल्या पावसात धाकटीला शाळेत सोडताना यांनी ब्रेक लावला नि मागचं चाक सरकलं. लेकीचे गुडघे फुटले, तेवढ्यावरच निभावलं म्हणायचं. गॅरेजवाल्या काकांनी टायरवरचा आकडा दाखवला. टायर घेतला तेव्हाच पाच वर्षांचा जुना होता! काटकसर माझी आणि गुडघे लेकीचे.

तेव्हापासून मी स्वतः दुकानात जाते. काय पाहायचं, ते सांगते.

टायरच्या बाजूला चार आकडे एकत्र कोरलेले असतात. समजा २३२५ असेल, तर तो २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. रबर नुसतं पडून राहिलं तरी कडक होतं, म्हणून जुना माल स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. आयएसआयची खूणही पाहा.

माप जुन्या टायरवरून किंवा गाडीच्या पुस्तिकेतून उतरवून न्या. ८०/१००-१८ म्हणजे रुंदी ८० मिलिमीटर, उंची रुंदीच्या शंभर टक्के आणि रिम १८ इंची. "थोडा रुंद घ्या, गाडी उठून दिसेल" या बोलण्याला भुलू नका. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तरी हवा सहसा हळूहळू जाते; पण तारांच्या चाकाला बहुधा ट्यूबच लागते, हे विचारून घ्या.

आता हिशेब. समजा, १,४०० रुपयांचा टायर १४,००० किलोमीटर चालला, तर किलोमीटरला दहा पैसे पडले. २,००० रुपयांचा २५,००० चालला, तर आठच पैसे! मग स्वस्त कोणता? मात्र नुसतं टिकाऊपण पाहू नका. कडक रबर जास्त चालतं, मऊ रबर ओल्या रस्त्यावर पकड चांगली धरतं. रोजच्या ऑफिस-शाळेच्या फेऱ्यांना मधला मार्ग बरा.

आणि घेतलेला टायर टिकवणं आपल्याच हाती. हवा दर आठवड्याला, गाडी तापण्याआधी तपासायची. पुस्तिकेत दिली असेल तेवढीच भरायची. हवा कमी असली की टायरच्या कडा झिजतात, जास्त झाली की मधला भाग. नवा टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जरा निसरडा असतो, तेव्हा गाडी बेतानेच चालवायला सांगा.

नक्षीच्या खाचांत खोलवर छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, की टायर बदलायचाच. "अजून एक पावसाळा काढू," असं मुळीच म्हणू नका.

उद्या सकाळी केर काढून झाला, की अंगणातल्या गाडीपाशी दोन मिनिटं वाका आणि ते चार आकडे वाचा. त्या गाडीवर आपलीच माणसं बसतात ना?