मागच्या तारखेची सही यापुढे मिळणार नाही

भोसरी एमआयडीसीत आमची लहान वर्कशॉप आहेत. हा इशारा आसपासच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना आहे.

एप्रिल उजाडला की तुमची मुलं आमच्या दारात उभी राहतात. काम नको असतं. इंटर्नशिपचं सर्टिफिकेट हवं असतं, तेही मागच्या तारखेचं. "सर म्हणालेत, कुठूनही आणा, सोमवारी सबमिशन आहे." एआयसीटीईच्या धोरणात पदवीसाठी ६०० ते ७०० तासांची इंटर्नशिप सांगितली आहे. तुम्ही ती एका शिक्क्यावर उरकता. पोराचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून तो शिक्का आम्हीही मारला. ती आमची चूक झाली.

गेल्या महिन्यात मेकॅनिकलचा एक मुलगा नोकरी मागायला आला. डिस्टिंक्शन होतं. लेथवरून नुकताच उतरवलेला शाफ्ट आणि मायक्रोमीटर मी त्याच्या हातात दिला. रॅचेट सोडून त्याने थिंबलच धरलं आणि शिकंजा आवळावा तसं आवळलं. रीडिंग विचारलं, तर स्लीव्हवरच्या रेघांकडे नुसता बघत राहिला. हाच प्रयोग त्याच्या जर्नलमध्ये सुबक अक्षरात उतरवलेला होता, खाली सरांची सही. खालमानेने म्हणाला, "काका, लॅबमध्ये एकच होता. तो कपाटात असायचा." त्याच्या फीचं कर्ज अजून फिटायचं आहे.

तुम्हाला ३० जूनपर्यंत मुदत देतो. मुलं पूर्ण तासांसाठी पाठवा, हजेरी आम्ही ठेवू. महिन्यातून एकदा शिकवणाऱ्या प्राध्यापकाने मशीनपाशी येऊन उभं राहावं. गेटवरच्या फ्लेक्सवर सर्वांत मोठं पॅकेज झळकतं, त्याच्याच शेजारी नोकरी न लागलेल्यांचा आकडा लावा. आणि पास झालेल्यांसाठी १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा आहे. पदवीधराच्या किमान विद्यावेतनातला निम्मा वाटा केंद्र सरकार उचलतं. तुमच्या प्लेसमेंट ऑफिसरने त्यासाठी आमच्याकडे आजवर एक फोन केलेला नाही.

मुदत टळली, तर १ जुलैपासून तुमच्या एकाही कागदावर आमची सही होणार नाही. आजवर दिलेली खोटी सर्टिफिकेटं तारखांसह विद्यापीठाकडे आणि एआयसीटीईकडे लेखी कळवू. त्यात आमचीही नावं असतील. परिणामांना आम्ही तयार आहोत. तुम्हीही तयार राहा.