खाटेवर बसलेली आई
जव्हारमधल्या वावर-वांगणीतल्या १९९२-९३च्या कुपोषणाच्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं. आज जव्हार-मोखाड्यातल्या बाळांचं वजन, उंची, दंडाचा घेर सगळं मोजलं जातं, आणि ते मोजायलाच हवं. पण पोषण पुनर्वसन केंद्रात बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या आईचं काय? अतितीव्र कुपोषित बाळाला साधारण १४ दिवस ठेवतात. सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, वाटी-चमच्याने दूध पाजायचं. तिला सलग झोप नाही. तिकडे पाड्यावर आणखी दोन लेकरं सासूजवळ, पावसाळा असेल तर भाताची आवणी अर्धवट, दिवाळीनंतरचे दिवस असतील तर नवरा दूर वीटभट्टीवर. बुडीत मजुरी मिळते, हा मोठा आधार आहे. ती वेळेवर हातात पडावी. तरीही मुदतीआधी बाळ उचलून निघालेल्या बाईला कुणी ‘अडाणी’ म्हटलं की मला राग येतो. ती घरच्या दोघांकडे धावत असते. रोज बाळाचं वजन करताना तिलाही विचारावं: बाय, रात्री डोळा लागला का, जेवलीस का, घरून काही निरोप? पाड्यावरच्या मुलांची खबर आशाताईंनी फोनवर द्यावी. बाई गप्प गप्प झाली, रडू आवरेना, तर मानसिक आधारासाठीच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. अनेक पाड्यांवर मात्र रेंजच मिळत नाही. तिथे आशाताईच हव्यात, आणि तासभर बाळ घेऊन तिला झोपू देणारी एखादी नणंद किंवा शेजारीण.