भाताच्या कोठारातील परके ताट

छत्तीसगढच्या राजकारणात धान हे केवळ पीक नाही. ते सत्तेचे चलन आहे. 2018 मध्ये काँग्रेसने क्विंटलला 2,500 रुपयांचे आश्वासन देऊन सत्ता मिळविली, तर 2023 मध्ये भाजपने 3,100 रुपयांची बोली लावून ती परत घेतली. या लिलावात एकच जागा दोन्ही पक्षांच्या नजरेतून सुटली. ती म्हणजे शाळेतील ताट.

राजधानी रायपूरला खेटून असलेले बीरगांव हे या विसंगतीचे ठळक उदाहरण. उरला आणि सिलतरा येथील पोलाद कारखान्यांच्या छायेत वाढणारी येथील कामगारांची मुले धरसींवाच्या शेतांपासून काही कोसांवर राहतात. पण त्यांचा त्या शेतांशी संबंध उरलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 च्या आदेशाने शाळेत शिजविलेले अन्न हा मुलांचा हक्क ठरला. मात्र त्यातला तांदूळ केंद्राच्या कोट्यातून येतो; डाळ-भाजीसाठी मे 2025 च्या दरवाढीनंतरही प्राथमिक शाळेतील विद्यार्थ्यामागे 6 रुपये 78 पैसेच ठरले. एवढ्या रकमेत स्वस्त बटाट्यापलीकडे पाहण्याची मुभा स्वयंपाक करणाऱ्या महिला बचत गटांना राहत नाही.

ब्राझीलने 2009 च्या कायद्याने शालेय आहाराच्या केंद्रीय निधीतील किमान 30 टक्के रक्कम छोट्या शेतकऱ्यांकडील खरेदीसाठी राखून ठेवली. रायपूरला हे अशक्य नाही. धानाच्या हमीमुळे शेतकरी डाळी आणि भाजीपाल्याकडे वळत नाही. शाळा त्याला दुसरी हमी देऊ शकतात. लाल भाजी, चेच भाजी, तिवऱ्याची भाजी हे येथील घरांतलेच अन्न आहे.

मुलांच्या पोषणाचे ओझे शेतकरी कल्याणावर टाकू नये, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून खरेदीपूर्वी दर वाढवावा लागेल आणि पुरवठा ठेकेदारांच्या हाती जाऊ न देता बचत गटांकडेच ठेवावा लागेल. बीरगांवात शाळेची परसबाग लावण्याआधी मातीची तपासणी हवी. कारखान्यांच्या धुराखाली पिकलेली भाजी हा पोषणाचा नव्हे, नव्या धोक्याचा प्रारंभ ठरेल.

श्रमातून शिक्षण हा विचार 1937 मध्ये वर्ध्यातूनच देशापुढे आला होता. रायपूरच्या कृषी विद्यापीठाच्या संग्रहात 23 हजारांहून अधिक धानवाण जतन आहेत. त्यातले चार तरी बीरगांवच्या मुलाला ओळखता यावेत, एवढीही तरतूद शाळेत नसावी? मतदार नसलेल्या मुलांसाठी बोली लावणारा पक्ष अद्याप दिसत नाही. राज्यकर्त्यांची खरी कसोटी तेथेच आहे.